चट्टा कुष्ठाचा नाही, मग कशाचा?

वर्धा जिल्ह्यात अंगावरच्या चट्ट्याला मोठा इतिहास आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. १९३८ मध्ये विनोबा स्वतः धाम नदीच्या काठी, पवनारला राहायला आले. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठ झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा आपल्या हातांनी करत. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. घरोघर जाऊन चट्टे शोधायचे, लोकांना समजावून सांगायचं आणि उपचार त्यांच्या दारापर्यंत न्यायचे, ही पद्धत इथे घडली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार आला, तेव्हा तो देशात आधी मिळालेल्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. पोराच्या पाठीवर फिकट डाग दिसला की तो कुणाला तरी दाखवायचा, ही सवय या मुलखाला अशी लागलेली आहे.

प्रश्न आहे त्याच्या पुढचा. डाग दाखवला. आशाताईने किंवा डॉक्टरांनी स्पर्श करून पाहिलं, मुलाला तो कळला. कोपराजवळची नस जाड लागली नाही. कुष्ठ नाही, घरी जा. इथे सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण डाग तसाच राहिला तर? सहा महिन्यांनी एकाचे चार झाले तर? बहुतेक वेळा तेव्हाही कारण किरकोळच निघतं. फार क्वचित मात्र तो डाग त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरचा असतो. तो ओळखायला वर्षं जातात, आणि माझ्या मते त्याला रोगाच्या दुर्मीळपणाइतकंच आपल्या तपासणीच्या साखळीचं शेवटचं टोकही जबाबदार आहे. ती साखळी ‘कुष्ठ नाही’ या नोंदीवर संपते.

दुर्मीळ म्हणजे किती, ते आधी पाहू. त्वचेच्या टी-पेशींच्या सगळ्या लिम्फोमांचं प्रमाण अमेरिकेच्या १९७३ ते २००२ या काळातल्या नोंदींत वर्षाला दहा लाख लोकांमागे सहाच्या आसपास निघालं. त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो मायकोसिस फंगॉइडिस. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. पॅरिसच्या आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी पाहिल्या आणि ते नाव चिकटलं. हा मुख्यतः पन्नाशी-साठीतल्या माणसांचा रोग. विशीच्या आत सुरू होणारे रुग्ण शंभरांत जेमतेम चार-पाच, काही मालिकांत त्याहूनही कमी. म्हणजे पवनारसारख्या एका गावात असं मूल एका पिढीत एकही न सापडणं अगदी शक्य आहे. तरीही मुलांच्या त्वचेत सुरू होणाऱ्या लिम्फोमांत हाच पहिल्या क्रमांकावर आहे.

मुलांत त्याचं रूपही वेगळं असतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात गोऱ्या माणसाच्या अंगावर लालसर, खवलेदार चकत्या दिसतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या मुलात मात्र तो पुष्कळदा नुसते फिके डाग होऊन येतो. खाज नाही, दुखणं नाही. मूल खेळतंय, जेवतंय, शाळेत जातंय. डाग पाठीवर, पोटावर, कुल्ल्यांवर, मांड्यांवर. एक रुपयाएवढा, दुसरा तळहाताएवढा, कडा कधी स्पष्ट तर कधी आसपासच्या रंगात विरलेल्या. भारत, आफ्रिका, अरब देश, आग्नेय आशिया इथल्या अहवालांत हा फिका प्रकार वारंवार येतो. आपल्याकडच्या डॉक्टरांनी ज्या चित्रांवर रोग शिकला ती चित्रं दुसऱ्याच कातडीची होती, ही तक्रार जुनी असली तरी इथे ती फार नेमकी लागू पडते.

आता हाच डाग गावात कोणकोणत्या नावांनी फिरतो ते पाहा. गालावर फिकट डाग असेल तर घरचे म्हणतात, जंत झालेत. शेजारीण म्हणते, कॅल्शियम कमी पडलं. जंताची गोळी दिली जाते; ती द्यायला हरकत काहीच नाही, पण त्या डागाचा जंताशीही संबंध नसतो आणि कॅल्शियमशीही. तो बहुधा पिटिरियासिस अल्बा असतो: कोरड्या त्वचेच्या मुलांना होणारा सौम्य एक्झिमा. उन्हाळ्यात भोवतालची कातडी रापते आणि डाग उठून दिसतो. छाती-पाठीवर भुरकट, बारीक कोंडा निघणारे डाग असले तर ती शिबं. दुधासारखा पांढरा, कडा कापल्यासारखी, तर कोड. कडेने लाल आणि मध्ये साफ, खाजणारा, तर गजकर्ण. आणि फिकट, कोरडा, घाम न येणारा, केस विरळ झालेला, स्पर्श कमी कळणारा असेल तर कुष्ठ. कुष्ठाची शंका आधी घ्यायलाच हवी. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली गेलं, तरी विदर्भात नवे रुग्ण अजून सापडतात आणि त्यांत मुलंही असतात. लिम्फोमाच्या मागे लागून कुष्ठ सुटलं तर ती जास्त मोठी चूक, कारण कुष्ठ कितीतरी जास्त आढळतं आणि उशिराने हात-पाय लुळे करतं.

अडचण अशी की लहान मुलात ही सगळी चाचपणी डळमळीत होते. पाच वर्षांच्या पोराला डोळे मिटून, कुठे हात लागला ते सांग म्हटलं तर ते हसत सुटतं किंवा रडतं. चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट असतं की तिथल्या कुष्ठाच्या चट्ट्यातही स्पर्श शाबूत राहू शकतो. मुलांत बहुधा कमी जंतूंचा प्रकार असल्याने त्वचेच्या चिरेतून घेतलेल्या द्रवात जंतू सापडतीलच असं नसतं. म्हणून पुष्कळदा डॉक्टर अंदाजाने कुष्ठाचा उपचार सुरू करतात. तसं करणं चुकीचं म्हणता येणार नाही. पण इथेच एक अवघड फट आहे, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. कुष्ठ औषधाने बरं झालं तरी चट्टा पुसला जाईलच असं नाही. जंतू मरतात, खूण राहू शकते. त्यामुळे औषधांचा कोर्स संपल्यावर डाग तसाच दिसला तर तो ‘उरलेला चट्टा’ समजला जातो आणि मूल ‘उपचारमुक्त’ म्हणून नोंदवहीतून निघतं. तो डाग मुळात कुष्ठाचा नसेल, तर त्याच्याबद्दल विचारणारं आता कुणी उरत नाही. भारतातल्या त्वचारोग नियतकालिकांत फिक्या मायकोसिस फंगॉइडिसचे जे रुग्ण नोंदवले गेले आहेत त्यांत आधी कुष्ठ, कोड किंवा एक्झिमा म्हणून औषध घेऊन आलेले आढळतात, ते अशा फटींमधूनच.

दुसरी फट ट्यूबची. औषधाच्या दुकानात ‘डागाची ट्यूब द्या’ म्हटलं की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घोटलेलं मलम हातात पडतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली; काउंटरवर काय चालतं ते वाचकाला माहीत आहे. गजकर्ण या मलमांनी बिघडतं हे आता बऱ्याच जणांना कळलंय. लिम्फोमाच्या बाबतीत गंमत उलटी आहे: तो स्टेरॉइडने सुधारतो. स्टेरॉइड हा त्याच्या सुरुवातीच्या अवस्थेतला खराखुरा उपचार आहे. साहजिकच ट्यूब लावल्यावर डाग फिटल्यासारखा वाटतो, एक्झिमाचं निदान बरोबर ठरल्यासारखं वाटतं, आणि ट्यूब थांबल्यावर काही आठवड्यांत डाग परत. ऊन हेही त्याचं औषधच. म्हणून सदा उघड्या राहणाऱ्या हातांवर तो कमी आणि कपड्यांखाली जास्त असतो.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हावी अशी त्याची रचना आहे. कल्पना चांगली आणि पथकंही कष्टाळू. पण वर्गात, रांगेत, गणवेशातल्या मुलाचं काय दिसतं? चेहरा, हात, पाय. नेमक्या त्याच जागा हा रोग बऱ्याचदा टाळतो. सहावीतल्या मुलीला पाठ आणि मांड्या दाखव म्हणणं शाळेत शक्यही नाही आणि शोभणारंही नाही. तिथे आईला एक प्रश्न विचारणं जास्त उपयोगी: आंघोळ घालताना कपड्याखाली असा एखादा डाग दिसतो का, जो सहा महिने हटलेला नाही?

संशय कधी घ्यायचा, याचं उत्तर डॉक्टर मंडळी साधारण असं देतात: डाग अनेक आहेत, लहान-मोठे आहेत, झाकलेल्या भागावर आहेत, आणि योग्य मलमांनीही काही महिन्यांत हटलेले नाहीत किंवा हटून पुन्हा तिथेच आले आहेत. मग तुकडा काढायचा. बायोप्सीला आपल्याकडे लोक ‘तुकडा तपासणी’ म्हणतात, आणि मुलाच्या बाबतीत आई-वडील तिला घाबरतात. प्रत्यक्षात जागा बधिर करून चार-पाच मिलिमीटरचा गोल तुकडा निघतो आणि एखादा टाका पडतो. मोठी अडचण तुकडा काढण्यात नसते, ती वाचण्यात असते.

सुरुवातीच्या रोगात सूक्ष्मदर्शकाखाली फार थोडं दिसतं. टी-पेशी वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये चढलेल्या, तळाशी मण्यांच्या माळेसारख्या रांगेत, भोवती पोकळ वलय असलेल्या. आणि एक्झिमात असते तशी सूज तिथे नाही. कधी त्यांचे छोटे पुंजके, पोत्रिये यांच्या नावाने ओळखले जाणारे. पण मुलांच्या तुकड्यात ते नसण्याचीच शक्यता जास्त. त्याआधीच्या महिन्यात स्टेरॉइड लावलं असेल तर हे थोडंथोडकंही पुसट होतं. म्हणून बायोप्सीआधी दोन ते चार आठवडे ट्यूब बंद ठेवायची आणि दोन वेगळ्या डागांमधून तुकडे घ्यायचे. तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘फिका चट्टा, कुष्ठ?’ इतकंच लिहिलं असेल, तर पॅथॉलॉजिस्ट मज्जातंतूंभोवतीची दाटी आणि जंतू शोधणार. वरच्या थरातल्या चार पेशींकडे त्याचं लक्ष जाईलच असं नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याला प्रश्नच तो विचारला होता. चिठ्ठीवर ‘लिम्फोमा?’ हा एक शब्द वाढवायला शाईखेरीज काही लागत नाही.

त्यानंतर रंगांच्या चाचण्या येतात. पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं रंगवून पाहतात: सीडी ३, सीडी ४, सीडी ८, सीडी ७. प्रौढांच्या रोगात पेशी बहुधा सीडी ४ जातीच्या, मुलांच्या फिक्या प्रकारात पुष्कळदा सीडी ८ जातीच्या. या सीडी ८ पेशींमुळेच रंगद्रव्याच्या पेशी मार खात असाव्यात आणि डाग फिका पडत असावा, असा अंदाज आहे. शेवटी जनुकीय चाचणी: सगळ्या टी-पेशी एकाच मूळ पेशीची पिल्लावळ आहेत का? उत्तर ‘हो’ आलं तर जुळणी भक्कम होते, पण तेवढ्यावर कॅन्सर म्हणता येत नाही. पिटिरियासिस लायकेनॉइडिससारख्या निरुपद्रवी रोगातही एकाच वंशाच्या पेशी सापडतात. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी यावर गुणपद्धती सुचवली. दिसणाऱ्या खुणांना कमाल दोन गुण, तुकड्यातल्या खुणांना दोन, रंगचाचण्यांना एक, जनुकीय चाचणीला एक. चार गुण झाले तर सुरुवातीचा मायकोसिस फंगॉइडिस. मुलांसाठी ती वेगळी बेतलेली नाही. तरी तिच्यात शहाणपण आहे ते हे की नुसत्या स्लाइडवर पास होता येत नाही. मूल आणि स्लाइड दोन्ही समोर ठेवून ठरवावं लागतं, आणि पहिल्यांदा न ठरल्यास काही महिन्यांनी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. एक ‘निगेटिव्ह’ अहवाल म्हणजे सुटका, असं इथे समजता येत नाही.

स्लाइड आणि मूल यांच्यातली विसंगती दुसऱ्या एका रोगात टोकाला जाते. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस. मुलाच्या हातापायांवर लालसर पुटकुळ्या येतात, मध्ये काळपट खपली धरते, तीन-चार आठवड्यांत खळगा ठेवून बसतात आणि मग नव्या येतात. पाहणारा म्हणतो, डास चावले असतील किंवा कांजिण्यांसारखं काहीतरी असेल. तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली सीडी ३० धारण करणाऱ्या राक्षसी पेशी, हॉजकिनच्या रोगाची आठवण करून देणाऱ्या. मॅकॉले यांनी १९६८ मध्ये हा रोग मांडला तेव्हाचं कोडं हेच होतं: स्लाइड घातक, रुग्ण मात्र ठणठणीत. त्यातल्या थोड्या जणांना पुढे दुसरा लिम्फोमा होतो, म्हणून नजर कायम ठेवायची. पण बहुतेकांना केमोची गरज कधीच पडत नाही. केवळ स्लाइड पाहून अशा मुलाला जोरदार केमोथेरपी दिली गेली, तर ती निदानाच्या उशिराइतकीच गंभीर गोष्ट आहे. दुर्मीळ रोगांबद्दल लिहिताना आपण ‘वेळेत ओळखा’ एवढंच म्हणतो. त्वचेच्या लिम्फोमात नको तितक्या घाईने ओळखण्याचीही किंमत मूलच मोजतं.

उलट बाजूचे रोगही आहेत, तिथे थांबून चालत नाही. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांत एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेला एक विकार दिसतो: उन्हात गेलं की चेहऱ्यावर, कानांवर फोड, त्यांचे व्रण, आणि काहींत पुढे चेहरा सुजणं, ताप, यकृत वाढणं. काही मुलांना डास चावल्यावर भलतीच मोठी जखम आणि ताप येतो, तेही याच कुळातलं. त्वचेखालच्या चरबीत गाठी येऊन ताप राहणं, रक्तपेशी घटणं हा आणखी एक प्रकार. २०१८ मध्ये त्यातल्या बऱ्याच रुग्णांत एचएव्हीसीआर-२ या जनुकातला जन्मजात दोष सापडला, आणि तेव्हापासून अशा मुलांना आधी केमो की आधी प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधं, हा विचारच बदलला. लहान मुलाच्या टाळूवर किंवा चेहऱ्यावर न दुखणारी, जांभळट-लाल, पटकन वाढणारी गाठ तर लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाची असू शकते. तो रक्ताच्या कॅन्सरचा सख्खा भाऊ. अस्थिमज्जा तपासून लगेच पूर्ण केमो सुरू करावी लागते. त्यामुळे फिका डाग आणि गाठ यांना एकाच मापाने मोजायचं नाही. डागाला महिने देता येतात, वाढत्या गाठीला आठवडासुद्धा देऊ नये.

सोयींच्या बाबतीत पवनारचं मूल महाराष्ट्रातल्या बऱ्याच खेड्यांतल्या मुलांपेक्षा सुदैवी आहे. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. वर्ध्याच्या पलीकडे सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे यांच्याच नावाचं ग्रामीण रुग्णालय आहे. नागपूर सत्तरेक किलोमीटर. भारतात त्वचारोगाच्या पदव्युत्तर पदवीच्या नावातच कुष्ठरोग असतो, म्हणजे दोन्ही रोग एकाच डॉक्टरच्या टेबलावर येतात. जनुकीय चाचणी किंवा शंकास्पद स्लाइडवर दुसरं मत लागलं तर मोठ्या केंद्राकडे जावं लागतं, पण तिथे मुलाने जायची गरज नसते. मेणात बसवलेला तुकडा पाठवता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे अशी देवाणघेवाण सोपी झाली आहे. कुटुंबाने अहवालासोबत तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात; त्या मागता येतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

निदान पक्कं झाल्यावर बातमी बरीच दिलासा देणारी असते. मुलांचा फिका मायकोसिस फंगॉइडिस संथ असतो, बहुतेक मुलांत त्वचेपलीकडे जात नाही. डाग किती पसरलेत ते तळहाताने मोजतात: मुलाचा तळहात बोटांसकट त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. डाग दहा टक्क्यांच्या आत असतील तर पहिल्या अवस्थेची पहिली पायरी, वर असतील तर त्याच अवस्थेची दुसरी. लसिका-गाठी चाचपणं आणि साधी रक्ततपासणी. सरसकट स्कॅनची गरज नसते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १०३ प्रौढ रुग्णांवर तपासून पाहिलं की आरंभीच जोरदार केमो आणि किरणोपचार दिल्याने आयुष्य वाढतं का. वाढलं नाही. तेव्हापासून सुरुवातीच्या रोगात हलक्या हाताचा उपचार हाच मार्ग: मलम, किंवा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा शेक.

हा शेक आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यायचा असतो. एका वेळेला काही मिनिटं, पण पवनारहून मूल, त्याच्यासोबत एक मोठं माणूस, बस, ओपीडीची रांग धरली तर अर्धा दिवस. वडील रोजंदारीवर असतील तर आठवड्याला एक-दीड दिवसाची मजुरी गेली, शिवाय शाळा. पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीला फेऱ्या चुकतात, आणि डाग गेलेला दिसला की फेऱ्या बंदच होतात. डाग पुष्कळदा परत येतात. हे आधीच सांगितलेलं असलं तर घरचे निराश होत नाहीत. सांगितलेलं नसलं तर डॉक्टर बदलतात, आणि नव्या ठिकाणी गोष्ट पुन्हा जंत, कॅल्शियम आणि ट्यूबपासून सुरू होते. म्हणून फाइल घरात राहिली पाहिजे, आणि मोबाइलमध्ये डागांचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, तारखेसह.

घरच्यांना काय शब्दांत सांगायचं, यावर डॉक्टरांत एकमत नाही. ‘कॅन्सर’ म्हटलं की घर कोसळतं, गावात बभ्रा होतो, मुलीच्या बाबतीत तर लग्नापर्यंत विचार धावतो. न म्हटलं तर पाठपुरावा सुटतो. कुष्ठाच्या बाबतीत याच जिल्ह्याने हे एकदा पार केलेलं आहे: रोगाचं नाव न लपवता, तो शिवल्याने लगेच होत नाही आणि औषधाने जातो, हे घरोघर सांगत. इथेही मला तोच मार्ग बरा वाटतो. नाव सांगायचं, आणि त्याच दमात हेही सांगायचं की हा एकापासून दुसऱ्याला होत नाही, पोर शाळेत जाईल, खेळेल, इतरांच्या ताटाशेजारी जेवेल, आणि दर सहा महिन्यांनी कपडे काढून पूर्ण अंग दाखवायला येईल.